कड धरा, कोपरा येतोच

सोमवार, ४ मार्च

आज शेडमध्ये नवी गाठोडी आली. नवी म्हणजे आम्हाला नवी. कुणीतरी वापरून विकलेलीच आहेत, पण मालकानं त्यांना घरात आलेल्या जावयासारखं बसवलं, आम्हाला सगळ्यांना भिंतीकडे सरकवून. जुनी गाठोडी महिनाअखेर भंगारात जाणार.

पुढेमागे ही वही कुणाच्या हाती पडली तर त्याला डोकं खाजवायला लागू नये म्हणून लिहून ठेवतो. मी छत्रीवाला. सगळं आयुष्य पावसाच्या छत्र्या दुरुस्त करण्यात गेलं. मग लोक मोडकी छत्री दुरुस्तीला आणायच्याऐवजी फेकून द्यायला लागले, आणि माझं दुकान एखाद्या छत्रीसारखंच मिटलं. शहराबाहेर उड्यांचं मैदान आहे. तिथं हौशी माणसं विमानातून उड्या टाकतात. त्यांच्या छत्र्यांची घडी घालून त्या पाठीवरच्या गाठोड्यात बांधायच्या, हे आता माझं काम. मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकलो. पहिली छत्रीही मी अशीच बघून दुरुस्त केली होती. (ती उघडली की मिटायची नाही, ती गोष्ट वेगळी.)

मैदानाचा एक कायदा आहे. जो बांधतो त्यानं वर्षातून एकदा आपण बांधलेलं गाठोडं आपल्याच पाठीवर घालून उडी टाकायची. नाही टाकली तर टेबल सोडायचं. कायदा रास्त आहे. आचाऱ्यानं स्वतःच्या हातचं जेवलं पाहिजे. गेल्या साली रीतसर शिकून मीही उड्या टाकल्या, जुन्या गाठोड्यानं. यंदाची उडी महिनाअखेर, या नव्या गाठोड्यानं.

हिला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी नुसत्या घड्या घालतो. नोकरी धरली तेव्हाच ही म्हणाली होती, "जमिनीवर राहून काय करायचं ते करा." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन नव्हे, असं मी मनाशी ठरवलंय.

नव्या गाठोड्याची धास्ती नाही. छत्री ती छत्री. काड्या नाहीत, एवढंच.

मंगळवार, ५ मार्च

मास्तरीणबाईंनी मला आणि कासवाला नवं गाठोडं समजावून सांगितलं. मास्तरीणबाई उड्या शिकवतात. वय माझ्या लेकीएवढं, आवाज हवालदाराचा. कासव टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बांधतो. माझी दोन गाठोडी होतात तोवर तो एकाच दोरीकडे बघत असतो, म्हणून कासव.

जुन्या गाठोड्याला उजव्या कमरेवर, पुढच्या बाजूला, लोखंडी कडी असते. खाली बघितलं की दिसते. ती ओढली की आतलं स्प्रिंगचं पिल्लू टुणकन बाहेर पडतं. पिल्लू म्हणजे छोटी छत्री. ती वारा पकडते आणि मोठीला बाहेर ओढते. नव्यात कडीही नाही आणि स्प्रिंगही नाही. पाठीमागे, गाठोड्याच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात एक कातडी मूठ आहे. ती दिसत नाही. हात मागे नेऊन चाचपायची, ओढायची आणि पिल्लू आपल्याच हातानं वाऱ्यात भिरकावायचं.

"नव्या घरात पहिल्या दिवशी माणूस दिव्याचं बटण कुठं शोधतो?" बाईंनी विचारलं.

"जुन्या घरात होतं तिथं," कासव म्हणाला.

"तेवढाच धोका आहे. डोक्याला नवीन कळतं. हाताला नाही कळत."

मी म्हटलं, "बाई, ज्यानं जन्मभर छत्र्यांना मुठी बसवल्या त्याला तुम्ही मूठ शिकवताय."

"पाठीमागे बसवल्या होत्या का, आजोबा?"

कासव हसला. तो हसतोही सावकाश. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरलं त्याला.

शुक्रवार, ८ मार्च

नवं गाठोडं पहिल्यांदा एकट्यानं बांधलं. बाई म्हणाल्या होत्या, "एकदा माझ्यासमोर बांधा." मी त्या विमानात असताना बांधलं. घडी अशी झाली की चार जण बघायला आले. कोपरे नवऱ्या मुलाच्या सदऱ्यासारखे कडक.

बाई उतरल्यावर म्हणाल्या, "छान. घाला पाठीवर आणि वाऱ्यात उभं राहून पिल्लू फेका."

फेकलं. वारा चांगला होता, तरी पिल्लू ओल्या मोज्यासारखं खाली लोंबत राहिलं. मोठी छत्री आतून हललीसुद्धा नाही.

चूक अशी. नवं पिल्लू एकदा काम झालं की मिटून झोपतं, म्हणजे उतरताना मागे फरफटत नाही. बांधताना त्याच्या पट्टीतली दोरी ओढून त्याला पुन्हा जागं करावं लागतं. पट्टीला एक इवलीशी खिडकी आहे. पिल्लू जागं असलं की खिडकीत हिरवं दिसतं. माझ्या खिडकीत पांढरं होतं. जुनं पिल्लू स्प्रिंगचं, त्याला कधी जागं करावं लागलं नाही. ती दोरी बघून मला वाटलं, शोभेची असेल. लहान मुलांच्या छत्रीला गोंडा असतो तशी.

"हे घालून उडी मारली असती तर?" मी विचारलं.

"तर पिल्लू मागे लोंबलं असतं आणि तुम्ही पुढे," बाई म्हणाल्या. "मग राखीव छत्रीची वेळ आली असती."

राखीव छत्री गाठोड्यात वर असते. तिची मूठ डाव्या छातीवर. ती बांधायला वेगळा परवानाधारक माणूस येतो. मला हातही लावू देत नाहीत. यापुढे मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही.

रविवार, १० मार्च

शेडच्या तुळईला पट्टे टांगलेत. त्यात पाठीवर गाठोडं घालून लोंबकळायचं, डोळे मिटायचे आणि बाई "आता" म्हणाल्या की मूठ शोधायची. मी लोंबकळलो. मनात पाठ म्हणत होतो: मागे, खाली, उजवा कोपरा. बाई म्हणाल्या, "आता."

हात सरळ कमरेवर गेला, जुन्या कडीच्या जागी. कडी नव्हती, विजारीचा खिसा होता. हाताला वाटलं, हेच ते. त्यानं खिशातला रुमाल धरला, ओढला आणि सगळ्या जोरानिशी वाऱ्यात भिरकावला.

कासवानं तो उचलला, चौकोनी घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाला, "मऊ उतरला."

पुन्हा केलं. पुन्हा कमरेवर. बाई हसल्या नाहीत, हे वाईट लक्षण. म्हणाल्या, "आजोबा, ठरावीक उंचीखाली आलात तर राखीव आपोआप उघडणारं यंत्र आहे आत. पण त्याच्या भरवशावर मी कुणाला विमानात बसवत नाही. इथं लागोपाठ दहा वेळा हात बरोबर गेला पाहिजे. नाही तर यंदा उडी नाही."

उडी नाही म्हणजे टेबल नाही. टेबल नाही म्हणजे पुन्हा घरी, खिडकीत बसून दुसऱ्यांच्या मोडक्या छत्र्या मोजत. दुकान मिटल्यानंतरचे ते महिने आठवले. हिनं तेव्हा एकदाही काही बोलून दाखवलं नाही, पण मी खुर्चीतून उठलो की तिचा चेहरा उजळायचा.

जित्याची खोड म्हणतात ती हीच. फक्त आता ती जित्याला जितं ठेवते की नाही हा प्रश्न आहे.

मंगळवार, १२ मार्च

चष्मा घरी राहिला होता. ही तो द्यायला मैदानावर आली. पहिल्यांदाच आली. मी टेबलावरून धावत फाटकाशी पोचेपर्यंत ती आणि मास्तरीणबाई बोलत उभ्या. शेवटचं वाक्य तेवढं कानावर पडलं. ही म्हणत होती, "सांगून नाही ऐकायचे. हाताला कळलं पाहिजे."

मला बघताच हिनं चष्मा पुढे केला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"यांना लोकरीची टोपी विणून हवीय," ही म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "टोपी."

या उकाड्यात? पण वर थंडी असते खरी. हातालाच कळलं पाहिजे हे विणकामाबद्दल अगदी बरोबर आहे. हिचं विणकाम उत्तम. जीव भांड्यात पडला. ताकास तूर लागलेली नाही.

गुरुवार, १४ मार्च

आज सकाळच्या चहात मीठ पडलं.

सकाळचा चहा लग्नापासून मीच करतो. साखरेचा डबा ओट्यावर, पुढे, माझ्या उजव्या हाताशी. बघावंही लागत नाही. आज तिथं त्याच डब्यात मीठ होतं. मी म्हटलं, "साखर कुठाय?"

"हलवली," ही म्हणाली. "तुमच्या मागं. फडताळात, खालच्या खणात, उजव्या कोपऱ्यात."

"का?"

"मुंग्या."

मुंग्या मला दिसल्या नाहीत. पण संसारात मुंग्यांवरून भांडू नये. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की साखर आता माझ्या पाठीमागे, कमरेच्या खाली. वळावं म्हटलं तर ही म्हणते, "वळू नका, दूध उतू जाईल. हात मागं न्या."

तीनदा मीठच पडलं. तिसरा चहा हिनं तसाच प्यायला.

शनिवार, १६ मार्च

काहीतरी बिघडलंय. माझं नव्हे, हिचं.

काल झोपताना विचारते, "घड्याळाला चावी दिली का?" आमचं घड्याळ सेलवर चालतं. चावीचं घड्याळ लेकीच्या लग्नाआधी मोडीत निघालं. मी हळूच म्हटलं, "अगं, याला चावी नसते."

"असू दे. आधी जागं आहे का बघावं, मग निजावं. बघा."

मी उठून बघितलं. चालू होतं. आज परत तेच. बाहेर निघताना परत. घड्याळ जागं आहे का. जागं म्हणते ती घड्याळाला. माझ्या मनात नको ते येऊन गेलं. हिची आई शेवटी शेवटी चमचे उशीखाली ठेवायची.

रविवार, १७ मार्च

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात परिचारिका आहे, तिला कळतं. हिला ऐकू जाऊ नये म्हणून जिन्यात उभं राहून सांगितलं. मीठ, मुंग्या, चावी, सगळं.

ती जोराची खोकली.

"बरी आहेस ना?"

"ठसका लागला, बाबा. आई म्हणते तसं करत जा. वाद घालू नका."

"औषध काही?"

"बदाम द्या भिजवून," ती म्हणाली आणि परत खोकली. हवामान बदललंय, तिनंही काळजी घ्यायला हवी.

बदाम आणले. हिला दिले. "आज काय विशेष?" म्हणाली. मी म्हटलं, "असेच." ती खात होती, मी बघत होतो. किती काळजी घेतली हिनं माझी आणि मी लक्ष कधी दिलं? मन भरून आलं. तेवढ्यात ही म्हणाली, "साखर", आणि मी हात मागं नेला. मीठ नव्हतं.

बुधवार, २० मार्च

स्वयंपाकघरातला दिवा गेला. नवा बसवतो म्हटलं तर ही म्हणते, "राहू दे, डोळ्यांना त्रास होतो." पहाटेच्या अंधारात मागं हात नेला, तर फडताळाची चौकट लागली आणि डबा लागेना. मी तिथंच चाचपडत बसलो, आंधळ्या कोशिंबिरीसारखा.

"एकाच जागी ओरबाडू नका," दारातून हिचा आवाज. "कड धरा. कड धरून सरकत जा, कोपरा येतोच."

कड धरली. कोपरा आला. डबा आला.

आणखी एक. फडताळाच्या त्याच कोपऱ्यात तिनं आता फडकंही ठेवलंय, आणि ते मागताना म्हणते, "काढा आणि फेका."

"हातात देतो ना."

"फेका. जोरात. लांब."

माहेरी हिला कुणी वस्तू फेकून दिली की ही जेवायची नाही, इतकी शिस्तीची. आता मला रोज फडकं भिरकावायला लावते आणि ते भिंतीवर आदळलं की म्हणते, "असं." बदाम वाढवले.

गुरुवार, २१ मार्च

चष्मा सापडेना. ही बघत होती. "दोनदा शोधलंत ना? झालं. तिसऱ्यांदा शोधायचं नाही. सरळ दुसरा घ्यायचा." जुना चष्मा तिनं दोरी लावून माझ्या गळ्यात अडकवलाय, सदऱ्याच्या डाव्या खिशात. म्हणाली, "हट्ट करायचा नाही. पहिला मिळालाच पाहिजे असं काही नसतं."

वेड असो नाहीतर काही, बोलते मात्र शहाण्यासारखं.

रविवार, २४ मार्च

पट्ट्यात लोंबकळलो. बाई म्हणाल्या, "आता." हात मागं गेला, खाली, कोपऱ्यात, मूठ. परत. परत. कासवानं मोजलं, दहा झाल्यावरही मोजत राहिला, मीच थांबवलं.

मला कुणी शिकवलं नाही. शेवटी हाताचं हातालाच समजतं. बाईंना मात्र नवल वाटलेलं दिसलं नाही. उलट विचारलं, "घरी कसं काय, आजोबा?"

कुणाजवळ तरी मन मोकळं करायला हवं होतं. सगळं सांगितलं. साखर, चावी, फडकं भिरकावणं. म्हटलं, "चांगली बाई हो. हळूहळू निसटतेय." बाईंनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. आवाज हवालदाराचा, पण मन कोवळं आहे पोरीचं. तिच्या पाठीवर थोपटलं, म्हटलं, "रडू नका. बदाम चालू आहेत."

"टोपी झाली का?" मीच विषय बदलला.

"कुठली टोपी?" मग म्हणाल्या, "हां, टोपी. व्हायचीय."

घरी येऊन हिला म्हटलं, "अगं, बाई टोपीची वाट बघतायत." ही माझ्याकडे बघतच राहिली. टोपीही विसरली. मग मुकाट्यानं लोकर काढली आणि विणायला बसली.

बुधवार, २७ मार्च

उडी शनिवारी. आज दिवसभर मन लागेना.

खरं लिहितो, वहीशी काय लपवायचं. भीती वाटते. लोंबकळताना खाली फरशी असते. कासव असतो. हात चुकला तर रुमाल परत मिळतो. आणि मला काही झालं तर हिला साखर कुठं ठेवली ते कोण सांगणार? आपणच ठेवून आपणच विसरेल. आधी मी तिला फसवून उड्या टाकतो, आता तिला एकटीला टाकायला निघालो.

जेवताना म्हटलं, "नोकरी सोडावी म्हणतो. घरी राहीन तुझ्याजवळ."

तिचा घास हातातच राहिला. "का?"

"असंच. तुला सोबत."

"अहो," ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही घरी होतात तेव्हा माझ्या चार चांगल्या छत्र्या दुरुस्त करून टाकल्यात. एकही उघडत नाही आता." मग म्हणाली, "शनिवारी कामावर जा. नीट बघून जा. घड्याळ जागं आहे का ते बघा आणि जा."

शनिवार कुठून आला मध्ये? मी शनिवारचं काही बोललो नव्हतो. वारांचाही गोंधळ होतोय बिचारीचा.

शनिवार, ३० मार्च

अक्षर सांभाळून घ्यावं.

सकाळी निघताना हिनं डबा हातात दिला आणि सोडेना. दोघं मिळून डबा धरून उभे. मग म्हणाली, "जा."

गाठोडं बांधलं. सगळं बांधून झालं, शेवटचा पट्टा ओढायचा, आणि कानात आपोआप आलं: जागं आहे का बघावं. खिडकी बघितली. हिरवं. हिच्या घड्याळाच्या वेडाचा असा फायदा.

विमानात मास्तरीणबाई समोर बसल्या होत्या. हेल्मेटखाली लोकरीची टोपी, लाल, कानांवरून आलेली. घामानं चेहरा निथळत होता. मी म्हटलं, "छान बसलीय." त्या म्हणाल्या, "काढली तर तुमच्या घरी काय सांगू?" स्वभाव भिडस्त.

दार उघडलं. मी गेलो. बाई माझ्या समोर, दोन हात पसरून, लाल कानांसकट. खाली सगळं चिमुकलं, आणि वाऱ्याचा आवाज असा की स्वतःचा विचार ऐकू येईना. मनगटावरच्या उंचीच्या काट्यावर डोळा. काटा खुणेवर आला. बाईंनी बोट दाखवलं. आता.

हात कमरेवर गेला.

महिनाभराचं सगळं शिक्षण वाऱ्यात. हात तसाच गेला, जुन्या घरातल्या दिव्याच्या बटणाकडे, आणि तिथं काही नव्हतं. या वेळी खिसाही नव्हता. उडीचा पोशाख गुळगुळीत. मी तिथंच ओरबाडत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, पण खालची झाडं झाडांसारखी दिसायला लागली होती.

आणि तेव्हा, इतक्या उंचावर, इतक्या गोंगाटात, हिचा आवाज आला. दारात उभं राहून बोलते तसा, न ओरडता. एकाच जागी ओरबाडू नका. कड धरा.

हात मागं नेला. कापड लागलं. मूठ नाही. कड धरली, सरकत गेलो. दुसरी खेप होती. डावा हात आपसूक छातीकडे निघाला होता, दुसऱ्या चष्म्याकडे म्हणजे राखीव मुठीकडे. कोपरा आला. मूठ आली. ओढली आणि भिरकावली, जोरात, लांब, भिंतीवर आदळावी तशी.

मग ती शांतता. वर बघितलं. माझी घडी, माझ्या दोऱ्या, सगळी छत्री उघडलेली. एवढी मोठी छत्री आणि एक काडी नाही.

बसून उतरलो. बसून म्हणजे खरोखरच बसून, थोडा घसरत. डोळे उघडले तर कुंपणाशी ही. हातात डबा.

मी पट्ट्यांमध्ये अडकलेला, छत्री मागं पसरलेली. लपवायला काही उरलंच नव्हतं.

"कुठून येताय?" ती म्हणाली.

"वरून."

"हं."

"मी उड्या टाकतो," मी म्हटलं. "तुला सांगितलं नव्हतं. गेल्या सालीपण टाकल्या."

"हो का," ही म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं आकाश कोसळेल. इतकं शांतपणे घेतलं की मलाच ओशाळं झालं. मग ती तिथंच गवतात बसली आणि माझा हात धरला. उजवा. सोडला नाही.

"तू इकडं कशी?"

"तुमचा डबा राहिला होता."

डबा सकाळी तिनंच माझ्या हातात दिला होता, शेडमध्ये टेबलाखाली आहे. मी तसं बोललो नाही. दोन डबे झाले तर दोन डबे. दोघं तिथंच जेवलो. मास्तरीणबाई आल्या, टोपी काढून पिळली आणि हिला मिठी मारली. दोघींची एवढी ओळख कधी झाली कोण जाणे. टोपीचाच प्रताप असणार.

जाताना बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हात कमरेवर गेला होता ना?"

"गेला होता."

"मग?"

"मग मी कड धरली. माझं मीच शोधून काढलं."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि हिच्याकडे बघितलं.

रविवार, ३१ मार्च

चमत्कार आहे. साखरेचा डबा ओट्यावर परत आलाय, पुढे, उजव्या हाताशी. स्वयंपाकघरात नवा दिवा. काल झोपताना चावीचं नाव नाही. सकाळी फडकं मागितलं ते हातात मागितलं. मी मुद्दाम विचारलं, "आज वार कुठला?" तर म्हणाली, "रविवार, आणि तुम्हाला काय झालंय?"

लगेच जिन्यात जाऊन लेकीला फोन केला. म्हटलं, "गुण आला. बदामांचा." तिचा खोकला अजून गेलेला नाही.

आनंदात चहा टाकला. दिवा होता, डबा समोर होता, आणि मी हात मागं नेला. फडताळ, खालचा खण, कड, कोपरा. तिथं आता मिठाचा डबा ठेवलाय.

हिनं एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि सगळा कप शेवटपर्यंत प्यायली. मग हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हिचं बरं झालं, पण माझं काही खरं दिसत नाही. उरलेले बदाम उद्यापासून मीच खाणार.